उशिरा झालेला बैल

जरा तिथंच थांबा. माझ्या साखळीने जमिनीवर गोल झिजवलाय, तो दिसतो ना? त्याच्या बाहेर उभे राहा. मी पोवळ्या. मला बोलायचं आहे, पण तुम्ही लांबूनच ऐका.

काशीदजवळ, समुद्राला लागून, मार्तंड गुरुजींची नारळ-सुपारीची वाडी आहे. त्या वाडीच्या विहिरीवरचा रहाट मी ओढतो. मानेवर जू, डोळ्यांना झापडं, आणि काम नसेल तेव्हा गळ्यात साखळी. गावात बैल पुष्कळ आहेत. ते सगळे दाव्याला बांधतात. साखळी माझ्या एकट्याच्या गळ्यात. परगावचा माणूस कधी विचारतो, "हा मारका आहे का?" गावची माणसं त्यावर बोलत नाहीत. ती पलीकडच्या कुंपणाने निघून जातात.

मी मारका जन्मलो नाही. मारकं जनावर असं कुणी जन्माला येत नाही. मी जन्मलो तेव्हा देश स्वतंत्र झाल्याला सहावं वर्ष लागलं होतं. पौषातली थंडी होती. अंग तांबूस, ओलं, पायात बळ नाही. गुरुजींच्या थोरल्या बहिणीने, नीराबाईंनी, मला पोत्याने पुसलं आणि म्हणाल्या, "पोवळ्यासारखा रंग आहे बघ." तेच नाव पडलं.

बाराव्या दिवशी माझ्या आईला फुरसं चावलं. गवताच्या भाऱ्यातून आलं होतं म्हणतात. मला तिची ऊब आठवते, तोंड आठवत नाही.

मग नीराबाईंनी मला वाढवलं. शेजारच्या अनंताच्या गाईचं दूध आणायचं, कापसाचा बोळा बुडवायचा आणि माझ्या तोंडात धरायचा. दिवसातून सहा-सात वेळा. त्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे आल्या होत्या आणि आता पन्नाशीला टेकल्या होत्या. गुरुजींची बायको वारलेली, मुलं अलिबागला शिकायला. घर मोठं आणि माणसं दोन. सगळे त्यांना अक्का म्हणत. अक्का फारशा हसत नसत. माझ्याशी खेळताना मात्र हसायच्या.

आमचा एकच खेळ होता. त्या पायरीवर बसायच्या आणि माझ्या कपाळाला तळहात लावायच्या. मी ढकलायचो. त्या उलट ढकलायच्या. मग मी सगळा जोर लावायचो आणि त्या मुद्दाम मागे कलंडायच्या. मी जिंकायचो. जिंकलो की गुळाचा खडा मिळायचा.

वाडीत बुधाजी म्हणून गडी होता. शिंपण्याचं, रहाटाचं, गुरांचं सगळं काम त्याच्याकडे. उंच, वाळका, आवाज कधी चढायचा नाही. तो हा खेळ बघत उभा राहायचा. एकदा म्हणाला, "अक्का, त्याच्या कपालाला हात लावू नका."

"का रे? लहान आहे तो."

"आज लहान हाय. उद्या त्याला वाटंल, मानूस बी आपल्यासारखंच ढोर हाय. मंग तो आपल्याशी ढोरासारखाच वागंल."

अक्कांनी हात काढला. बुधाजी वळला तसा परत लावला.

मी दहा महिन्यांचा झालो तेव्हा मुरुडकडून दत्तात्रेय डॉक्टर आले. गुरांचे डॉक्टर. सायकलच्या मागे एक लांब पेटी बांधलेली. त्यांनी पेटी उघडून नर वासरं खच्ची करायचा एक लोखंडी चिमटा बाहेर काढला. दोन लांब दांडे आणि पुढे बोथट जबडा. मी तो हुंगला. थंड होता. मला तो आवडला नाही, पण त्याची भीतीही वाटली नाही.

"कितीचा झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिवाळीला दहा महिने भरले," गुरुजी म्हणाले.

"मग आजच करून टाकू. कातडी कापायची नाही, रक्त नाही. आतली शीर तेवढी दबते. संध्याकाळी चरायला लागेल."

गुरुजी विचार करणारा माणूस. शाळेत मुलांना हिशेब पटकन घालायचे, पण घरातली गोष्ट चार बाजूंनी बघितल्याशिवाय त्यांचा हात उठायचा नाही. ते म्हणाले, "आमचा आधीचा बैल फार लवकर केला होता. त्याची मान भरलीच नाही. जू बसेना. जन्मभर त्याच्या खांद्यावर जखम होती. मला रहाटाला बैल हवाय डॉक्टर, बकरं नको."

डॉक्टरांनी मान हलवली. "तुमचं म्हणणं खोटं नाही. फार लवकर केलं तर मान बारीक राहते. थांबायचं तर थांबा. पण किती थांबायचं ते आज ठरवा. फार तर दोन पक्के दात येईपर्यंत, म्हणजे दोन-अडीच वर्षांचा होईपर्यंत. त्यापुढे नाही."

"आमची जुनी मानसं बी दोन दातांवरच ठेचायची," बुधाजी म्हणाला.

ठेचायची हा शब्द ऐकताच अक्का उठून आत गेल्या.

"बरं, बघू," गुरुजी म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

डॉक्टरांनी चिमटा पेटीत ठेवला. त्या दिवशी सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. मला काय ठाऊक होतं?

अक्का का उठून गेल्या ते त्यांनी मलाच सांगितलं. दुपारी त्या माझ्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसायच्या तेव्हा बोलायच्या. त्यांचं माहेर मूळचं तळे गावाकडचं. सात वर्षांच्या असताना त्यांनी अंगणात माझ्यासारखाच एक पाडा ठेचताना पाहिला होता. चारी पाय बांधून, खाली लाकूड घालून, वरून दगडाने. तो पाडा आठ दिवस ओरडत होता. नवव्या दिवशी त्याच्या जखमेत किडे झाले आणि दहाव्या दिवशी ओरडणं थांबलं.

"तुला मी त्यातून जाऊ द्यायची नाही," त्या म्हणायच्या. "आणि एकदा तरी तुझा वंश होऊ दे. त्याशिवाय कशाला जन्माला यायचं?"

डॉक्टरांचा चिमटा म्हणजे दगड नव्हे, हे त्यांना कळलं होतं. पण सात वर्षांच्या मुलीने जे ऐकलं होतं ते त्यांच्या पोटात तसंच बसलेलं होतं. ते चिमट्याला हटवता आलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर डॉक्टर पुन्हा आले. या वेळी त्यांनी देवळाच्या पटांगणात सगळ्या गावाचे पाडे बोलावले होते. अकरा पाडे होते. मी बारावा. गुरुजींनी आदल्या दिवशीच बुधाजीला सांगून ठेवलं होतं, "सकाळी घेऊन जा."

सकाळी बुधाजी यायच्या आत अक्कांनी माझं दावं सोडलं आणि मला किनाऱ्यावर नेलं. सुरूच्या झाडांमागे आम्ही उभे राहिलो. भरती लागलेली. अक्का माझ्या मानेवर हात ठेवून उभ्या.

बऱ्याच वेळाने बुधाजी आला. वाळूत माझे खूर उमटलेले, त्याला काय अवघड? तो अक्कांसमोर येऊन उभा राहिला. मग खाली बसला आणि विडी पेटवायला लागला. वाऱ्याने तीन काड्या विझल्या.

"बुधाजी, मला नाही बघवणार," अक्का म्हणाल्या.

"तिकडं काय बी न्हाय अक्का. दोन मिंटाचं काम हाय. मी तीन पाडे बघून आलो. चौथा तर उभ्या उभ्या गवत खात व्हता."

"तरी नको."

बुधाजीने विडी ओढली. माझ्याकडे बघितलं. अक्कांकडे बघितलं. मग उठला आणि धोतराची वाळू झटकली.

"गावला न्हाय म्हनून सांगतो. पन पुढल्या येलेला मी सोता घेऊन जानार."

"पुढच्या वेळेला ने," अक्का म्हणाल्या. "शपथ."

तो गेला. त्याने खरंच तसंच सांगितलं. गुरुजींनी जरा त्रागा केला आणि मग म्हणाले, "असो. अजून दोन दात यायचेत. वेळ आहे." त्या दिवशी अकरा पाडे बैल व्हायच्या वाटेला लागले आणि मी जसा होतो तसा राहिलो.

मग दोन दात आले. त्यानंतर चार.

जे झालं ते हळूहळू झालं. मान जाड झाली, वशिंड चढलं. आवाज बदलला. मी हंबरलो की मलाच दचकायला व्हायचं. मग एका सकाळी वाऱ्यावरून एक वास आला. वाडीच्या पलीकडे अनंताच्या गोठ्यातून. त्याआधी मला गवताचा वास कळायचा, पेंडीचा कळायचा, अक्कांच्या लुगड्याचा कळायचा. त्या सकाळी ते सगळे वास पुसले गेले. मी दावं तोडलं, कुंपण तोडलं. मला आठवतं ते एवढंच, की माझ्या गळ्यात तुटलेलं दावं लोंबत होतं आणि अनंता दाराआड उभा होता.

पण गाव रागावलं नाही. गाव खूश झालं. आमच्या बाजूला चांगला वळू नव्हता. अनंताच्या गाईला झालेलं वासरू तांबूस आणि हाडापेराने मजबूत निघालं, तशी माणसं आपापल्या गाई घेऊन यायला लागली. कुणी पेंड आणायचा, कुणी शहाळी. गुरुजी ओट्यावर उभे राहून म्हणायचे, "बघा मान कशी भरलीय. मी म्हणत होतो ना?" अक्का माझी पाठ थोपटायच्या. त्यांची इच्छा पुरी झाली होती. लेकराला आईने जसं बघावं, तशा त्या मला बघायच्या.

बुधाजी मात्र माझ्याजवळ येताना आता बाजूने यायचा. समोरून येणं त्याने सोडलं.

दत्तात्रेय डॉक्टर दुसऱ्या कामाला आले असताना त्यांनी मला लांबूनच पाहिलं आणि सायकल थांबवली.

"गुरुजी, याला चार दात झालेत."

"हो. पण गावाला वळू नाही डॉक्टर. एक वर्ष असू दे."

"वळू ठेवायचा तर वळूसारखा ठेवा. नाकात वेसण घाला, दोन बाजूंनी बांधा, बायकामाणसांना जवळ जाऊ देऊ नका. घरातला ठेवायचा असेल तर बैल करा. दोन्ही एकदम जमणार नाही."

"मला ओळखतो तो," अक्का ओट्यावरून म्हणाल्या. "माझ्या हातचं दूध प्यायलाय."

डॉक्टर सायकलवरून उतरले. "म्हणूनच सांगतो, बाई. रानात वाढलेला वळू माणसाला बिचकतो. हा कुणाला बिचकणार?"

अक्कांना ते लागलं. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम, डॉक्टरांच्या देखत, माझ्या कपाळाला तळहात लावला. मी हळूच ढकललं. त्या हसल्या. डॉक्टर हसले नाहीत.

मी तुम्हाला खरं सांगतो. तो हात कपाळावर असताना, पूर्वी जो जिंकायचा आनंद व्हायचा तो आता होत नव्हता. त्या जागी दुसरंच काही होत होतं. डोळ्यांपुढे लाल यायचं. मानेतली प्रत्येक शीर म्हणायची, अजून. मी थांबायचो. रोज थांबायचो. पण रोज थांबायला आदल्या दिवसापेक्षा जास्त जोर लागायचा, आणि हे कुणाला सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

माघात एकदा बुधाजी माझ्यापुढे पाण्याची बादली ठेवायला वाकला. मी मान झटकली. बादली उडाली आणि शिंगाने त्याच्या मांडीला एक लांब ओरखडा काढला. त्याने रक्त पंचाने पुसलं आणि गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, आज मांडीवर निभावलं. उद्या पोटात जाईल. आता थांबू नका."

गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच होय म्हटलं. "शिमगा होऊ दे. डॉक्टरांना चिठ्ठी लिहितो." आणि खरंच लिहिली. शिमगा झाल्यावर निरोप आला, शनिवारी येतो.

तो निरोप सोमवारी आला. गुरुवारी सकाळी ते घडलं.

रहाटाचा जुना बैल मंगळवारपासून लंगडत होता. ऊन कडक, सुपारीची रोपं माना टाकत होती. गुरुजी म्हणाले, "चार दिवस याला जुंपू. बळ आहे, काम होईल." बुधाजीला ते पटलं नाही, पण रोपं त्यानेच लावलेली होती. बुधवारी त्याने मला झापडं बांधून रहाटाला जुंपलं. बुधवार नीट गेला.

गुरुवारी पहिलं शिंपणं झालं आणि बुधाजीने मला विसाव्याला सोडलं. जू काढलं, झापडं मात्र ठेवली. दावं नारळाला बांधून तो पाटाचं पाणी वळवायला गेला. अंधारात मी उभा होतो. तेवढ्यात मागच्या पाणंदीने अनंता आपली गाय घेऊन चालला. त्याला मी तिथे असेन असं वाटलं नव्हतं. वारा माझ्याकडेच होता.

आणि नेमक्या त्या वेळी अक्का भाकरी घेऊन आल्या. त्यांनी माझी झापडं सोडली. "बिचारा माझा," म्हणाल्या, "अंधारात उभा केलाय." त्यांनी भाकरी पुढे केली. मी खाल्ली नाही. मग त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला.

तो हात अक्कांचा आहे हे मला ठाऊक होतं. इथे मला खोटं बोलायचं नाही. वासामुळे मला दुसरंच कुणी वाटलं, असं गुरुजी पुढे लोकांना सांगत राहिले. तसं नव्हतं. मला हात ठाऊक होता, माणूस ठाऊक होतं. आणि मी ढकललं.

अक्का विहिरीच्या कठड्यावर आपटल्या. त्यांचा उजवा हात अंगाखाली सापडला. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. मी थांबायला हवं होतं. दावं तुटलं होतं. मी मान खाली घातली.

बुधाजी पाटाकडून आला. त्याच्या हातात काठी नव्हती, फावडंही तो तिकडेच टाकून आला होता. तो माझ्या आणि अक्कांच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि नेहमी वैरण घालताना बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "पोवल्या. ये. इकडं ये." म्हणत म्हणत तो एकेक पाऊल रहाटाकडे सरकला. मला अक्कांपासून दूर न्यायला.

मी त्याच्याकडे गेलो. त्याच्या पाठीशी रहाटाचा खांब होता. त्याचं अंग खांबाला लागलं तेव्हा काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मला वाटलं लाकूड मोडलं. लाकूड नव्हतं.

मग माझ्यातलं सगळं एकदम ओसरलं. मी तिथेच उभा राहिलो. अनंता आणि आणखी चार माणसं काठ्या, दोर घेऊन आली, त्यांनी मला बांधलं. मी बांधू दिलं.

बुधाजीला खाटेवर घालून त्याच्या घरी नेलं. मुरुडचे डॉक्टर आणले, माणसांचे. बरगड्या आत गेल्या आहेत, हलवू नका, म्हणाले. अक्कांचा हात मोडला होता, तो झोळीत बांधला. गुरुजी दोन दिवस बुधाजीच्या उशाशी होते. शुक्रवारी संध्याकाळी ते गोठ्यात आले. माझ्याकडे बघितलं नाही. ओट्यावर बसलेल्या अक्कांना म्हणाले, "मी ठरवलंय. याला बाजारात काढायचा. तिथून पुढे कुठे जाईल ते मला विचारू नकोस."

गुरुजी पायरीवर बसले.

"मी हे बुधाजीलाही सांगितलं. मला वाटलं, त्याला न्याय झाल्यासारखं वाटेल. तर तो म्हणतो, जनावराचा काय गुन्हा हाय गुरुजी? येल आपली हुकली. त्याला काढू नका."

बुधाजी शनिवारी पहाटे गेला.

आणि शनिवारी, ठरल्याप्रमाणे, दत्तात्रेय डॉक्टर सायकलवरून आले. त्यांना काही कळलं नव्हतं. अंगणात कुणी नव्हतं, सगळं गाव बुधाजीला पोचवायला किनाऱ्यावर गेलं होतं. डॉक्टर पायरीवर बसून राहिले. शेजारी पेटी. मी त्यांना बघत होतो, ते मला. दुपारी गुरुजी ओल्या धोतराने परत आले आणि उंबऱ्याशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

"करू?" शेवटी डॉक्टरांनी विचारलं.

"करा," गुरुजी म्हणाले.

सहा माणसांनी मला पाडलं. चिमटा तसाच थंड होता. दोनदा आत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि पोटात कळ गेली. रक्ताचा थेंब आला नाही. संध्याकाळी मी गवत खाल्लं. अक्का झोळीतला हात धरून खिडकीत उभ्या होत्या. ज्याला त्या आयुष्यभर भ्याल्या ते एवढंच होतं, हे त्यांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

जाताना डॉक्टर गुरुजींना म्हणाले, "बी जाईल. पण या वयात केलं की खोड जाईल असं सांगता येत नाही. साखळी घाला."

तेराव्यानंतर बुधाजीची बायको चंद्राबाई आली. अक्का दारात उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं असेल ही शिव्या देईल. चंद्राबाईने शिव्या दिल्या नाहीत. ती अंगणातच उभी राहिली.

"अक्का, तुमी याला सुरूच्या बनात लपवलाव ना, त्या दिसाला तो घरी येऊन हसत व्हता. मी म्हटलं, गुरुजींशी खोटं कशापाई बोललास? तर म्हनला, अक्कांचं पोर हाय ते. त्यांना दुसरं कोन हाय?"

एवढं बोलून ती गेली. अक्का दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

त्या दिवसापासून अक्का माझ्याजवळ आल्या नाहीत. वैरण गुरुजी घालतात, लांब काठीने पुढे ढकलून. मी सहा वर्षं रहाट ओढतोय. गुरुजींना हवी होती तशी माझी मान आहे, जू अगदी बरोबर बसतं. वास आता काही सांगत नाहीत. पण कुणी समोरून फार जवळ आलं की माझी मान आपोआप खाली जाते. मी तिला सांगत नाही. ती जाते.

गेल्या वर्षी अनंताकडून एक तांबूस गाय आमच्या गोठ्यात आली. माझीच लेक. तिला पाडा झाला. अक्कांनी त्याला आईजवळच ठेवलं, बोळा भरवला नाही, नाव ठेवलं नाही, कपाळाला हात लावला नाही. आणि डॉक्टरांना निरोप पाठवायचा तो गुरुजींच्या आधी त्यांनीच पाठवला.

डॉक्टर आले. केस पिकलेत आता. त्यांनी विचारलं, "कितीचा झाला?"

"दहा महिने, चार दिवस," अक्का म्हणाल्या. "मान बारीक राहील का?"

"थोडी राहील. वर्षभराने केलात तरी चालेल."

"नाही. आज करा."

पाड्याला दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाही त्यांनी. स्वतः गुडघ्यावर बसून, नीट न जुळलेल्या हाताने त्याचे पुढचे पाय धरले. तोंड फिरवलं नाही. पाडा एकदा ओरडला, दुसऱ्यांदा जरा कमी ओरडला, आणि सुटला तसा आईकडे पळाला.

डॉक्टर चिमटा पुसत होते. अक्कांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "याचं कधी करायला हवं होतं?"

"जाऊ द्या ना बाई."

"नाही. सांगा."

डॉक्टरांनी पेटी बंद केली. "मी पहिल्यांदा आलो होतो तेव्हा. किंवा त्याच्या पुढच्या वर्षी, पटांगणात. तेव्हासुद्धा चाललं असतं."

अक्कांनी मान हलवली आणि हात धुवायला गेल्या.

तुमच्या दाराशी पाडा असेल, कुत्रा असेल, मांजर असेल, तर माझं एक ऐका. लवकर की उशिरा हे मला विचारू नका, मी जनावर आहे. जाणत्याला विचारा. तो जे वय सांगेल ते दिवस मोजून लक्षात ठेवा आणि त्या दिवशी दार उघडं ठेवा. माया करायची तर तेव्हा करा. नंतर आमच्यावर माया करणाऱ्यांना आमच्यापासून वाचवायला कुणीतरी मध्ये यावं लागतं.

काल चंद्राबाई आली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिच्या जमिनीच्या तुकड्याला बैल हवा होता आणि अक्कांनीच तिला निरोप धाडला होता. अक्कांनी पाड्याचं दावं तिच्या हातात दिलं. चंद्राबाईने लगेच घेतलं नाही.

"कितव्या महिन्यात केलाव?"

"दहा भरल्यावर. मी स्वतः धरला होता."

चंद्राबाईने अक्कांच्या तोंडाकडे बघितलं, मग त्यांच्या वाकड्या हाताकडे. तिने दावं घेतलं. पाडा दोन पावलं अडला, मग तिच्या मागोमाग निघाला. ती माझ्या बाजूने न जाता नारळीच्या रांगेतून, लांबच्या वाटेने गेली. "बरं केलंस," मी म्हणालो. मनातल्या मनात.